तीन पिशव्यांचा प्रश्न: उत्खननातल्या इंटर्नशिपचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी वडोदऱ्याची, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची, विषय इतिहास. घर दांडिया बाजारात. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. अभ्यासक्रमात ४ श्रेयांकांसाठी १२० तासांची इंटर्नशिप सक्तीची. वर्गातल्या बहुतेकांनी शाळा, ग्रंथालय, वर्तमानपत्राची कचेरी अशी जवळची सोय पाहिली. हिला उत्खननावरच जायचं होतं.

वडोदऱ्यात ही मागणी तशी जगावेगळी नाही. विश्वामित्री नदीपलीकडचं अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. तिथल्या जैन धातुमूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आहेत, आणि पुरातत्त्वज्ञ बी. सुब्बाराव यांनी १९५०च्या सुमारास तिथे खोदकामही केलं होतं. सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग १९५० पासून आहे. २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं चांपानेर जेमतेम ५० किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या इतिहासाच्या मुलांना उत्खनन हा शब्द ओळखीचा असतो. दिवसभर तिथे नेमकं काय करतात, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

तिला जागा मिळाली ती शहराबाहेरून आलेल्या एका चमूकडे. मही नदीच्या काठच्या एका गावाबाहेर पांढर होती, म्हणजे जुन्या वस्तीची राखट मातीची टेकडी. गावकरी तिला नुसतं ‘टिंबो’ म्हणत. चमूचे प्रमुख एक प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली एक संशोधक (कँपवर सगळे तिला ताई म्हणत), दोन पदव्युत्तर विद्यार्थी आणि गावातले १४ मजूर. गाव आणि संस्था यांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

५ मीटर बाय ५ मीटरचे दोन खंदक आखले होते. प्रत्येकाचे चार चतुर्थांश, मध्ये ५० सेंटिमीटरचा बाल्क, म्हणजे न खोदता सोडलेला मातीचा बांध. स्तरांना वरून खाली आकडे दिले होते. (१) नांगरटीची माती. (२) आणि (३) मध्ययुगीन, त्यात चकाकी चढवलेली खापरं. (४) पुराच्या गाळाचा, जवळजवळ रिकामा. (५) आणि (६) इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले. त्यांत गुळगुळीत लाल झिलईची आणि काळी-तांबडी खापरं. (४) हा स्तर पुढे महत्त्वाचा ठरतो.

पहिली अडचण: परवाना

ठरलं होतं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून २१ दिवस. प्रत्यक्षात परवान्याचे कागद आणि जमीनमालकाची संमती यांत जवळजवळ तीन आठवडे गेले. आपल्याकडे उत्खनन म्हणजे कुदळ उचलली आणि लागले, असं नसतं. १९५८ चा कायदा आणि १९५९ चे नियम यांनुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, मग खोदणारी संस्था विद्यापीठ असो की आणखी कुणी. परवाना हातात येईपर्यंत प्रमुखालाही एक इंच माती हलवता येत नाही. तिथे इंटर्नची काय कथा.

इकडे फेब्रुवारीत परीक्षा होत्या. थांबावं तर तास पूर्ण होणार नव्हते.

पर्याय काय होते

एक, विषय बदलून ग्रंथालयात जाणं. हा घरच्यांचा आवडता पर्याय. तंबूत राहायचं, जानेवारीची थंडी, गावात आपलं कुणी नाही. आईचं म्हणणं अगदीच अनाठायी नव्हतं.

दोन, कच्छमध्ये सुरू असलेल्या दुसऱ्या उत्खननावर जाणं. तिथे जागा होती, पण फक्त सहा दिवस. सहा दिवसांत माणूस घमेली उचलतो आणि परत येतो.

तीन तिने स्वतःच सुचवला. परवाना येईपर्यंत आसपासच्या टेकाडांवर फिरून वर पडलेली खापरं गोळा करायची. प्रमुखांनी तो लगेच फेटाळला, आणि ते बरोबरच केलं. पृष्ठभागावरचं सर्वेक्षणसुद्धा परवानगीचं काम आहे. शिवाय कुठलं खापर टेकाडाच्या कुठल्या उतारावर होतं, याची नोंद न करता ते उचललं की त्याची निम्मी माहिती तिथेच राहते. हौशी लोक नेमकं हेच करतात, आणि घरी खोकी भरून ठेवतात.

चार, तास विभागणं. शहरातल्या एका जुन्या संग्रहात खापरांच्या नोंदणीचं काम अर्धवट पडलं होतं. आधी ते, मग परवाना आला की कँप.

तिने चौथा निवडला, पण नाइलाज म्हणून. कॉलेजच्या समन्वयकांना ई-मेल केला त्यात तिने संग्रहातल्या कामाला ‘तात्पुरतं’ म्हटलं. हा शब्द पुढे तिच्याच अंगाशी आला.

संग्रहातले नऊ दिवस

रोज पाच तास, एकूण ४५. पहिले दोन दिवस फक्त वर्गवारी: काठ, बूड, अंग. मग अंगाचा पोत, म्हणजे माती किती बारीक चाळलेली आहे, त्यात वाळू, अभ्रक किंवा तुसाचे ठसे आहेत का. तुटलेली जुनी कड धूळ खाऊन काळवंडलेली असते, म्हणून पकडीने टोकाचा कपचा काढून ताजा छेद पाहायचा आणि तो भिंगातून वाचायचा.

तिसऱ्या दिवसापासून चित्रं. काठाचं खापर पालथं धरून वर्तुळांच्या तक्त्यावर सरकवत न्यायचं. कड आणि कागद यांच्यामध्ये उजेडाची फट राहिली नाही, की झुकाव बरोबर. मग ज्या वर्तुळाशी कड जुळेल ती त्रिज्या, आणि वर्तुळाचे किती टक्के हातात आहेत तेही लिहायचं. पाच टक्क्यांहून कमी काठ असेल तर व्यास काढूच नये. तो काढून सजवलेली चित्रं छापील अहवालांतही दिसतात, ती गोष्ट वेगळी. तिची पहिली वीसेक चित्रं बाद झाली. कारण एकच: झुकाव अंदाजाने धरल्यामुळे वाडगे थाळ्या झाले होते.

इथेच तिने मध्ययुगीन चकाकीची खापरं हाताळली. त्यांतल्या एका प्रकाराचं अंग मातीचं नसतंच. वाटलेल्या गारगोटीचं, पांढरं, साखरेच्या खड्यासारखं भुसभुशीत. वर निळसर-हिरवी काच. एकदा बोटाला कळलं की ते विसरत नाही.

कँपवर

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. कँपचे १२ दिवस, रोज सरासरी सात तास. भत्ता नाही, जेवण आणि राहणं चमूकडून. ताईबरोबर एकाच तंबूत राहायचं ठरल्यावर घरचे राजी झाले.

पहिले तीन दिवस घमेली आणि चाळणी. मजूर घमेल्याला ‘तगारुं’ म्हणतात, खापरांना ‘ठीकरां’, आणि तिला ‘बेन’. घरी मराठी बोलणाऱ्या वडोदरेकर मुलीला हे नवं नव्हतं. बाहेरगावच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपेक्षा मजुरांशी तिचं लवकर जमलं, ते याच कारणाने. चाळणी ५ मिलिमीटरची. चाळताना सगळ्यांची नजर मण्यांवर असते, हाडांचे तुकडे आणि भाजलेल्या मातीचे गोळे सुटून जातात.

चौथ्या दिवशी हातात ट्रॉवेल, म्हणजे माती तासायची छोटी थापी, आलं. पातं जमिनीशी तिरकं धरून माती आपल्याकडे ओढायची आणि मागे सरकत जायचं, म्हणजे साफ केलेल्या भागावर पाय पडत नाही. सगळे नवशिके करतात ती चूक तिच्याकडूनही झाली: भिंत खाली जाताना आत आत येऊ लागली. ओळंबा सोडून पाहिलं तर ६० सेंटिमीटर खोलीवर ४ सेंटिमीटरचा फरक. हे नुसतं दिसायला वाईट नसतं. भिंत तिरकी असेल तर छेदाच्या (भिंतीवर दिसणाऱ्या थरांच्या) रेखाटनात स्तरांची जाडी चुकते, आणि कोपऱ्यात राहिलेली वरची माती खालच्या खापरांत मिसळते.

त्याच दिवशी पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायचं कामही तिच्याकडे आलं. ते करणारा विद्यार्थी आजारी पडून दोन दिवस शहरात गेला होता. पिशव्यांची नोंदवही त्याच्याकडेच असे. ती दोन दिवस कोरी राहिली.

पाऊस

पाचव्या दिवशी रात्री मावठ्याचा पाऊस आला. खंदकांवर ताडपत्री होती, पिशव्या मात्र तंबूच्या कडेला रचलेल्या. सकाळी सात पिशव्यांच्या चिठ्ठ्या भिजलेल्या निघाल्या. तिने त्या जेल पेनने लिहिल्या होत्या, आणि बाहेर बांधलेली एकच चिठ्ठी होती. आतली चिठ्ठी खापरं धुताना भिजते म्हणून घातलीच नव्हती. चार चिठ्ठ्यांवरचे आकडे ओळखू येत होते. तीन कागदांवर फक्त निळा डाग.

सगळे खंदकातलं पाणी उपसत होते. तिने रचण्याचा क्रम आठवला, दोन मजुरांना विचारलं, आणि तीन नव्या चिठ्ठ्या लिहून टाकल्या. जुने कागद फेकून दिले. कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही आहे, हेच तेव्हा वाटलं नाही.

निर्णयाचा क्षण

आठव्या दिवशी दुपारी खापरांच्या अंगणात वर्गवारी चालली होती. जमिनीवर चुन्याने आखलेले चौकोन, प्रत्येक चौकोनात एका पिशवीची धुतलेली खापरं सावलीत वाळत घातलेली. स्तर (५) असं लिहिलेल्या एका चौकोनात तिला चार तुकडे दिसले: निळसर-हिरवी चकाकी, पांढरं भुसभुशीत अंग.

चकाकीची खापरं जुन्या थरात कधी सापडतच नाहीत, असं नाही; आखातातून आलेली भांडी गुजरातच्या किनाऱ्यावर मध्ययुगाच्या बऱ्याच आधीपासून मिळतात. पण त्यांचं अंग मातीचं असतं. गारगोटीचं अंग (४) च्या खाली यायला काहीच कारण नव्हतं.

ही पिशवी त्या तीनांपैकी एक होती.

चार तुकडे उचलून शेजारच्या स्तर (२) च्या चौकोनात टाकणं दोन सेकंदांचं काम होतं. आकडे जुळले असते, कुणाला कळलंही नसतं. उत्खननात असं होत नाही असं म्हणणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर खोटं बोलतो. तिने तुकडे जागेवरच ठेवले आणि ताईकडे गेली.

“ताई, पाचच्या पिशवीत ग्लेझ्ड निघालंय. पण ती चिठ्ठी मी आठवून लिहिलीय.”

“किती चिठ्ठ्या आठवून लिहिल्यास?”

“तीन.”

ताईने आधी अंगणातलं काम थांबवलं. हा दुसरा योग्य निर्णय. धुण्याच्या रांगेतल्या पिशव्या तशाच बाजूला ठेवल्या, कारण खापर धुतलं की त्याला चिकटलेली माती जाते, आणि आता पुरावा तोच होता.

शोध

शक्यता दोन होत्या. चिठ्ठी चुकली असेल, म्हणजे ती पिशवी खरी (२) ची. किंवा चिठ्ठी बरोबर असेल आणि चूक खंदकात झाली असेल: वरून खणलेला एखादा खड्डा (५) पर्यंत उतरलेला, खोदताना न ओळखलेला.

नोंदवही असती तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं. ती नव्हती. ताईच्या खंदकवहीत मात्र खोलीची मापं होती. त्याच चतुर्थांशातली, त्याच खोलीची एक पिशवी ताईने स्वतः बॉलपेनने लिहिली होती. चिठ्ठी शाबूत, खापरं अजून न धुतलेली. ती उघडली. बहुतेक खापरांना (५) ची पिवळसर चिकट माती, पण सात-आठ तुकड्यांना राखाडी, मऊ राख लागलेली. त्यांत चकाकीचा एक तुकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेची भिंत पुन्हा तासली. कोरडी पडली की भिंतीतले रंग एकमेकांत मिसळून जातात. बागेत वापरतात त्या फवारणीच्या पंपाने हलका शिडकावा केला आणि ऊन तिरकं असतानाच पाहिलं. (२) च्या तळापासून निघालेली, (३) आणि (४) कापत खाली उतरणारी राखाडी रेघ दिसली. तोंडाशी रुंदी ७० सेंटिमीटर. खड्ड्याचा बराचसा भाग खंदकाच्या आत होता, आणि तो (५) समजून उपसला गेला होता.

म्हणजे पहिल्या पिशवीची चिठ्ठी बहुधा बरोबरच होती. उरल्या दोन. त्या तिने पावसानंतर लगेच धुतल्या होत्या, त्यामुळे माती गेलेली. एकीतला काठ (३) मधल्या एका तुकड्याशी जुळला, तेव्हा अंगणात जरा आनंद झाला. प्रमुखांनी तो मान्य केला नाही. जोड जुळली म्हणजे भांडं एक होतं, एवढंच सिद्ध होतं. खड्डा खणणाऱ्याने (३) ची माती उपसून पुन्हा खड्ड्यात लोटली असेल, तर एकाच भांड्याचे तुकडे दोन्हीकडे मिळणारच.

शेवटी काय झालं

खड्ड्याला क्रमांक देऊन त्याचा छेद १:१० प्रमाणात रेखाटला. त्या चतुर्थांशातल्या दोन दिवसांच्या पिशव्यांवर ‘(५), खड्डा १ सह, मिश्र’ अशी नोंद झाली आणि त्या स्तरनिहाय मोजणीतून वगळल्या. उरलेल्या दोन पिशव्यांवर ‘स्तर अनिश्चित’. एका पिशवीत नुसती अंगाची खापरं होती, फार बिघडलं नाही. दुसरीत लाल झिलईच्या स्प्रिंकलरची, म्हणजे पाणी शिंपडायच्या भांड्याची, मान होती: वर चकती, मध्ये बारीक भोक, जवळजवळ अखंड. अख्ख्या हंगामात तसा दुसरा नमुना मिळाला नाही.

तास भरले १२९. समन्वयकांनी आधी त्यातले ८४च धरले, कारण संग्रहातलं काम तिनेच ‘तात्पुरतं’ म्हणून कळवलं होतं. चमूच्या प्रमुखांनी कामांची तारीखवार यादी देणारं पत्र दिल्यावर बाकीचे ४५ धरले गेले.

वेगळं काय करता आलं असतं

दोष वाटायचाच झाला तर मोठा वाटा यजमान चमूचा. चौथ्या दिवसाच्या इंटर्नकडे चिठ्ठ्या दिल्या आणि संध्याकाळी कुणी त्या पाहिल्या नाहीत. वही सांभाळणारा नसेल तर वही दुसऱ्याकडे जायला हवी. दोन दिवस कोरी वही म्हणजे त्या दोन दिवसांचं खोदकाम उधारीवर. खड्डा न ओळखणं ही चूक मात्र मोठमोठ्यांकडून होते, तिच्याबद्दल इंटर्नला बोल लावण्यात अर्थ नाही. राख लागलेली मऊ माती ट्रॉवेलखाली वेगळी लागते, हे तिला आदल्या दिवशी दाखवलं असतं तर कदाचित फरक पडला असता.

पेनाचा प्रश्न सर्वांत स्वस्त. पेन्सिल किंवा साधं बॉलपेन घ्यावं. कँपला निघण्याआधी एका चिठ्ठीवर लिहून ती रात्रभर पेल्यात बुडवून ठेवावी, म्हणजे खात्री होते. चिठ्ठ्या दोन: एक बाहेर बांधलेली, एक झिपच्या छोट्या पाकिटात घालून आत. पिशवी खंदकातून हलवण्याआधी तिचा चिठ्ठीसकट मोबाइलवर फोटो काढावा. एवढं एक केलं असतं तरी हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

चिठ्ठी पुन्हा लिहायची वेळ येतेच. तेव्हा नव्या चिठ्ठीवर ‘पुन्हा लिहिली’, तारीख, आणि कशावरून लिहिली ते नोंदवावं. जुना कागद कितीही खराब झाला असला तरी आत ठेवावा. तिने फेकलेल्या तीन कागदांवर दाबून लिहिल्याच्या खुणा तिरक्या उजेडात कदाचित वाचता आल्या असत्या.

इंटर्नशिप मागतानाच काही गोष्टी लेखी घ्याव्यात: कुठली कामं, किती तास, परवाना लांबला तर पर्यायी काम काय आणि ते तासांत धरणार का, राहण्याची सोय, विम्याची जबाबदारी कुणाची. संग्रहातल्या कामाला दुय्यम समजणारे समन्वयक बरेच असतात, विद्यार्थी त्याहून जास्त. या प्रकरणात चार तुकडे ओळखले गेले ते त्या नऊ दिवसांमुळे. खंदकातल्या पाच दिवसांत ते जमलं नसतं.

तिच्या अहवालात चौदा चित्रांचा एक पट आहे. तेरांखाली खंदक, चतुर्थांश, स्तर, पिशवी क्रमांक अशी ओळ आहे. चौदावं चित्र स्प्रिंकलरच्या मानेचं, पटातलं सर्वांत चांगलं उतरलेलं. खाली लिहिलंय: ‘खंदक २, स्तर अनिश्चित.’